मंदीत महापालिका म्हणते पैसा नाही, आणि वसुली मात्र आमच्याकडूनच. मीटिंगमध्ये नेमकं मागायचं काय?

हार्डवेअरवाला

नमस्कार मंडळी. शहराचं नाव लिहीत नाही, खान्देशातलं आहे आणि महापालिका आहे म्हणजे दोनातलं एक, ओळखणारे ओळखतील. माझं सिमेंट, सळई, पीव्हीसी पाईप, वॉल्व्ह, नळाच्या तोट्या असं दुकान आहे. निम्मा धंदा घरबांधणीवाल्यांचा आणि निम्मा महापालिकेची छोटी कामं घेणाऱ्या ठेकेदारांचा, म्हणजे गटार, पाण्याची लाईन, शाळेची दुरुस्ती असली कामं. घरबांधणी तर थंडच झालीये, लोक स्लॅबपर्यंत येऊन थांबून राहिले. आणि ठेकेदार माल उचलून बसलेत, फोन केला की म्हणतात शेठ बिल निघालं की पहिले तुमचेच पैसे. एमबी (कामाच्या मोजमापाची वही) भरली, सह्या झाल्या, फाईल लेखा विभागात गेली, तिथून पुढे हलत नाही. दिवाळीच्या आधीपासून हेच चालू आहे. इकडे कंपनीवाले पैसे आधी टाका मग गाडी लोड करू म्हणतात, म्हणजे मी रोखीनं घेतो आणि उधारीनं देतो, मधलं व्याज माझ्या डोक्यावर.

वरून घरपट्टीच्या फेरमूल्यांकनाची नोटीस आली, आणि आमच्या रांगेतल्या गाळ्यांना नवीन भाड्याची चर्चा. आता आयुक्तांनी व्यापारी संघटनेच्या लोकांना बोलावलंय, त्यात माझं नाव टाकून दिलंय. नुसतं कर कमी करा म्हणून ओरडलो तर ते समोर तक्ता ठेवतील, उत्पन्न इतकं खर्च इतका, आणि आम्ही चहा पिऊन परत. कोणाला यातलं आतलं माहीत असेल तर सांगा, पैसा जातो कुठे आणि आम्ही काय मागायचं जे त्यांना देता येईल?

निवृत्त लेखापाल

भाऊ, मी नगरपालिका, नंतर महापालिका, दोन्हीच्या लेखा शाखेत आयुष्य घालवलं, शहर मीही सांगत नाही. आधी एक समजून घ्या, तुमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं काय न आलं काय, महापालिकेच्या तिजोरीला आता त्याचा थेट फरक पडत नाही. जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, होती तेव्हा पडायचा. नाक्यावर ट्रक कमी झाले की संध्याकाळचा भरणा कमी, आणि सकाळी साहेब विचारायचे का रे बाजार थंड आहे का. मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तो १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला माफ झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी. तेव्हापासून शासन दरमहा भरपाईचं अनुदान देतं, २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरायचं आणि वर्षाला ८ टक्के वाढ. मंदी असो तेजी असो आकडा ठरलेला. करोनाच्या काळात याच पैशावर पगार झाले हे मान्य करावं लागेल. पण दुसरी बाजू अशी की शहराचा धंदा वाढला तर महापालिकेला त्यातून काही मिळत नाही, मग धंदा वाढावा ही हाव तरी कुठून येणार? बाजारपेठेतला रस्ता खोदून ठेवला की व्यापाऱ्याचं नुकसान, पालिकेचं काय गेलं.

मंदीत पालिकेचं खरं आटतं ते बांधकामाचं. विकास शुल्क, प्रीमियम एफएसआय (जादा बांधकामासाठी पालिकेला भरायचे पैसे), खरेदीखतावरच्या मुद्रांक शुल्कातला १ टक्का अधिभार, हे सगळं फ्लॅट आणि प्लॉट विकले गेले तरच येतं. तुमची सळई खपत नाही तेव्हा तेही येत नाही.

आणि खर्च? पगार, पेन्शन, कचऱ्याचा ठेका, पथदिवे, आणि सगळ्यात निर्दयी म्हणजे पाणी उपसायचं वीजबिल. जळगावला वाघूरहून पाणी येतं, धुळ्याला तापीहून, आणि पंप काही मंदी आहे म्हणून कमी युनिट खात नाही. शासनाचा नियम आहे की आस्थापना खर्च, म्हणजे पगार वगैरे, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर असेल तर भरती करू नका, म्हणून जागा रिकाम्या, आणि जागा रिकाम्या म्हणून वसुली ढिली. वसुली ढिली म्हणून टक्का पुन्हा वर. हे चक्र मी डोळ्यानं पाहिलंय.

मग हात कुठे मारतात, तर ज्याला पुढे ढकललं तरी कोणी लगेच कोर्टात जात नाही तिथे. म्हणजे छोटी कामं आणि ठेकेदाराची बिलं. त्यात अमृत, नगरोत्थान अशा योजनांत महापालिकेला स्वहिस्सा भरावा लागतो, तो नाही भरला तर पुढचा हप्ता अडकतो, म्हणून तिकडे पैसा पळतो आणि गटाराचं बिल कपाटात राहतं. गंमत बघा, पालिकेच्या सगळ्या खर्चात शहराच्या बाजारात फिरणारा पैसा हाच, छोट्या ठेकेदाराचा. तो सळई तुमच्याकडून घेतो, मजुरी इथल्याच माणसाला देतो. मंदीत नेमका तोच नळ बंद होतो.

कापूसकोंड्या

काय भो, एवढं लांबलचक कशाला. आमना गावमा बी हाऊच खेळ चालू शे, पैसा गया कोठे ते कोन्ही सांगत नही.

पण मला विचाराल तर महापालिका गेली उडत, खान्देशातली मंदी कापसात असते. २०२१-२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता तेव्हा आठवा, ट्रॅक्टरच्या शोरूमला लाईन, सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नाही. पुढच्या सालाला लोकांनी त्याच भावाच्या आशेवर कापूस घरात भरून ठेवला, ओसरीत कापूस, माडीवर कापूस, पोरं त्याच्यावर झोपायची आणि अंगाला खाज सुटायची, आणि भाव काय आला नाही. तेव्हापासून जो बाजार बसलाय तो बसलाय. २०२५-२६ ला हमीभाव लांब धाग्याला ८११० रुपये जाहीर केला आणि तिकडे ऑगस्ट २०२५ मध्ये आयात शुल्क माफ केलं डिसेंबरपर्यंत, म्हणजे आपला माल बाजारात यायच्या वेळेलाच बाहेरच्या गाठी आल्या. जिनिंगवाला रडतो, शेतकरी रडतो, मग हार्डवेअरवाल्याकडे कोण येईल घर बांधायला? आयुक्त त्यात काय करणार डोंबल.

हार्डवेअरवाला

@कापूसकोंड्या दादा खरं आहे, पण कापसाचा भाव आयुक्तांना मागू शकत नाही ना. माझं अडकलेलं पेमेंट तर मागू शकतो.

सीए_बाई

पेमेंटवरून आठवलं, बऱ्याच व्यापाऱ्यांचा घोळ असतो म्हणून लिहिते. ४५ दिवसांत पैसे द्यायचा जो नियम सगळे सांगतात, आयकराच्या १९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच), आणि तो सरकारी पोर्टल जिथे उशिरा पैसे देणाऱ्याविरुद्ध तक्रार करता येते, बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याजासह, हे सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी आहे, म्हणजे जे माल बनवतात किंवा सेवा देतात. तुम्ही फक्त खरेदी-विक्री करता, म्हणजे ट्रेडर. ट्रेडरला जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते खरी पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, उशिराच्या पेमेंटचा फायदा त्यात नाही. दर महिन्याला कोणीतरी उद्यमचं सर्टिफिकेट घेऊन माझ्याकडे येतं आणि म्हणतं मॅडम आता टाका केस.

तुमचा ठेकेदार मात्र सेवा देणारा आहे, त्याची उद्यम नोंदणी असेल तर प्रयत्न त्यानं करायचा. सरकारी बांधकामाच्या कंत्राटांना हा उशिराच्या पेमेंटचा कायदा लागतो का यावर कोर्टात वाद आहेत, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे ज्याच्याकडून पुढचं काम घ्यायचं त्याच्यावर तो तक्रार करणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुमचा करार ठेकेदाराशी, महापालिकेशी नाही, म्हणून आयुक्तांपुढे माझे पैसे द्या असं म्हणू नका, ते एका वाक्यात तुम्हाला उडवतील.

एमआयडीसीत पाईप, चटई, डाळ बनवणारे जे आहेत त्यांनी मात्र हे वापरावं. उगाच घाबरतात.

डाळमिल_एमआयडीसी

वापरावं म्हणणं सोपं आहे ताई. गिऱ्हाईक तोडून व्याज घेऊन काय करू.

आमच्याकडे मिल एक दिवस आड चालते. तुरीची आयात २०२५ मध्येही शुल्कमुक्त ठेवली, भाव वर जाऊ दिले नाहीत, खाणाऱ्याच्या दृष्टीनं बरोबर असेल पण कच्चा माल महाग घेतला आणि डाळ निघेपर्यंत भाव पडला की चुनी (डाळीचा चुरा-कोंडा) विकून जे येतं तेवढाच नफा. मशीन बंद असलं तरी वीजबिलात डिमांड चार्ज (मंजूर भाराप्रमाणे लागणारा आकार) येतोच. मी सरळ अर्ज करून मंजूर भार कमी करून घेतला, ज्यांची मशीनं निम्मी बंद आहेत त्यांनी आधी हे करा, महापालिकेच्या मीटिंगपेक्षा लवकर पैसा वाचेल. फक्त सीझनला परत वाढवायला वेळ लागतो ते धरून चला.

मीटिंगमध्ये आमचं एक सांगा. औद्योगिक वसाहत शहराच्या हद्दीत आली की घरपट्टी पालिका घेते आणि सेवा शुल्क वसाहतवाले घेतात, आणि रस्त्यावरचा दिवा गेला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. दिवा कोणी लावायचा एवढं लिहून द्या, पैसे आम्ही भरतोच आहे.

पुण्यातला_भुसावळकर

मी बाहेर राहतो पण वाचून राहवलं नाही. अमेरिकेत डेट्रॉईट शहरानं २०१३ मध्ये कोर्टात जाऊन सरळ दिवाळखोरी मागितली होती, कर्ज १८ अब्ज डॉलरच्या आसपास. गाड्यांचे कारखाने गेले, माणसं गेली, कर भरणारे गेले आणि पेन्शन मात्र राहिली. आपल्याकडे महापालिका दिवाळखोर होऊ शकते का? आणि नाही तर मग पुण्यासारखे बॉण्ड (कर्जरोखे) का काढत नाहीत, पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये २०० कोटी उभे केले होते पाण्याच्या योजनेसाठी.

निवृत्त लेखापाल

तशी दिवाळखोरी आपल्या कायद्यात नाही. आपल्याकडे शहर बुडत नाही, कुथत राहतं.

जळगावचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, त्यात गुपित काही नाही. पालिका असताना घरकुल आणि बाकी योजनांसाठी हुडको या केंद्र सरकारच्या कर्ज देणाऱ्या कंपनीकडून कर्ज काढलं, सतरा मजली इमारतही त्याच उमेदीच्या काळातली. २००३ ला महापालिका झाली तेव्हा ते कर्जही वारशात आलं. हप्ते थकले, कर्जवसुली न्यायाधिकरणापर्यंत गेलं, एक वेळ तर बँक खाती गोठवली गेली, म्हणजे पगाराचे वांधे. शेवटी २०१९ मध्ये शासनानं मध्ये पडून एकरकमी तडजोड केली. पण शहराची मधली वर्षं गेली ना, ज्या वर्षांत नवीन रस्ता व्हायचा त्या वर्षांत हप्ता गेला. योजना वाईट होत्या असं माझं म्हणणं नाही, मंदीत कर्ज काढून काम करावं हे पुस्तकात बरोबरच आहे, पण परतफेड कुठल्या उत्पन्नातून हे कागदावर नसेल तर वीस वर्षांनी ते व्यापाऱ्याच्या घरपट्टीत निघतं.

बॉण्डचं म्हणाल तर पुण्याला तेव्हा ७.५९ टक्क्यांनी पैसा मिळाला कारण रेटिंग चांगलं आणि घरपट्टीची वसुली दांडगी. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजार, धुळे पावणेचार लाख. एवढ्या शहरानं ज्याचं लेखापरीक्षणच वर्षानुवर्षं मागे आहे, बॉण्ड काढायचे म्हटलं तर घेणार कोण.

गाळेवाली_ताई

माझं ब्लाऊजपीस-अस्तराचं दुकान आहे मार्केटमध्ये, गाळा पालिकेचा. कराराची मुदत केव्हाच संपली. नवीन करार होत नाही, भाडं किती ते ठरत नाही, आणि मग एकदम थकबाकीची नोटीस येते दंडासकट, त्यातला आकडा बघून पाणी प्यावं लागतं. जळगावच्या व्यापारी संकुलांचं तर पेपरात येऊन येऊन लोक कंटाळले, दोन हजारांच्या वर गाळे आणि २०१२ पासून वाद. मी काही फुकट मागत नाही. करार नाही म्हणून बँक गाळ्यावर कर्ज देत नाही, मुलाला दुकान वाढवायचंय, वरती पोटमाळा करायचाय तर परवानगी कोणाला मागू? रेडीरेकनरच्या (जागेच्या सरकारी दराच्या) टक्क्यानं भाडं लावा म्हणतात, चौकातल्या दर्शनी गाळ्याला ते परवडेल पण मागच्या बोळातल्या आमच्या गाळ्यात दुपारी चिटपाखरू येत नाही, त्यालाही तोच रेडीरेकनर.

आणि सणासुदीला त्यांनीच मैदानात बाहेरच्यांचे सेल भरवायचे.

कापूसकोंड्या

ताई तो सेल तर खरंच डोक्यात जातो. आठ दिवसांचं मैदान भाडं घेतात आणि वर्षभर कर देणाऱ्याचं गिऱ्हाईक घालवतात.

वकील_नाना

ताईंना एक सांगतो. पालिका मनात आलं म्हणून भाडं कमी करू शकत नाही, महापालिका अधिनियमात मालमत्ता देण्याबद्दल कलम ७९ आहे, तिथे बाजारभावाचा मुद्दा येतो आणि कमी केलं की अधिकाऱ्यावर लेखापरीक्षणाचा आक्षेप बसतो. म्हणून कोणी सहीच करत नाही. तुम्ही भाडं कमी करा म्हणण्यापेक्षा मार्केटनिहाय, मजलानिहाय मूल्यांकन करा म्हणा, म्हणजे दर्शनी गाळा वेगळा आणि बोळातला वेगळा. त्यावर अधिकारी सही करू शकतो.

घरपट्टीचं पण तसंच. उशीर झाला की दरमहा २ टक्के शास्ती म्हणजे दंड चढतो, चार वर्षं वाद घालत बसलात तर शास्तीच मुद्दलाला येऊन भिडते. वाद असेल तर हरकत मुदतीत नोंदवा, लेखी, पोच घेऊन.

निवृत्त लेखापाल

नानांशी सहमत. घरपट्टीबद्दल कडू सांगतो, राग मानू नका. १५ व्या वित्त आयोगानं अट घातली होती की घरपट्टीचे किमान दर ठरवा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीनं वाढवा, नाहीतर अनुदान नाही. म्हणजे फेरमूल्यांकन ही एकट्या आयुक्तांची लहर नाही. आणि ते अनुदान मिळालं तरी आपल्यासारख्या शहरांना त्यातलं ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेलं होतं, ते तुमच्या बाजारपेठेच्या रस्त्याला लावता येत नव्हतं. म्हणून तिजोरीत पैसा दिसतो आणि तरी साहेब नाही म्हणतात, दोन्ही खरं असतं.

आता हार्डवेअर भाऊ, तुमच्या जागी मी असतो तर कर कमी करा हे बोललोच नसतो. मागायचं असेल तर बिलांचा क्रम मागा. लेखा विभागात देयकं कोणत्या तारखेला आली, कोणती अदा झाली, हे रजिस्टर असतं, ते दर महिन्याला नोटीस बोर्डावर आणि वेबसाईटवर लावा म्हणा. तुमच्या ठेकेदाराचं बिल जुनं असून पडलंय आणि नंतर आलेलं निघालंय का, हे त्यातून उघडं पडतं. याला एक रुपया खर्च नाही म्हणून पैसा नाही हे उत्तर देता येत नाही, आणि बघा किती घाम फुटतो ते. पाच-दहा लाखांच्या आतली बिलं आधी काढा अशी विनंती करा. मोठा ठेकेदार बँकेकडून तग धरतो, लहान धरत नाही आणि तो बुडाला की तुमची उधारी बुडाली.

दुसरं, पाणीगळती आणि बेकायदा नळ. हा व्यापाऱ्याचा विषय वाटत नाही पण उपशाचं बिल वाचलं तरच बाकी बिलांना जागा होते. आणि ज्या मालमत्तांची नोंदच नाही त्या आधी शोधा, मग आमची वाढवा, हे जरूर म्हणा, कारण तिथे तुमची बाजू भक्कम आहे. नवीन कॉलन्यांत कित्येक दोन मजली घरं अजून खुल्या प्लॉटचा कर भरतात. अर्थात तुमच्या संघटनेतल्या कोणाकोणाची गोदामं तशीच आहेत ते आधी बघून घ्या, नाहीतर तिथेच तोंडघशी पडाल :)

हार्डवेअरवाला

गोदामाचं वाचून हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली, आमच्या अध्यक्षांना आधी विचारतो.

बिलांच्या क्रमाचं आवडलं, आणि बोळातला गाळा वेगळा हेही लिहून घेतलं. दिव्याचंही मांडतो. एक शंका, रजिस्टर मीटिंगमध्ये मागितलं आणि ते बघू म्हणाले तर पुढे काय? ते बघू म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

वकील_नाना

मीटिंगच्या आधीच माहिती अधिकारात अर्ज टाकून जा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे, त्यामुळे घरपट्टी, गाळे, बिलं सगळं एकात कोंबू नका, तेवढ्यावरच परत पाठवतात. फक्त एवढंच लिहा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत लेखा विभागात प्राप्त झालेल्या आणि अदा केलेल्या देयकांच्या नोंदवहीची प्रत. माझं बिल का दिलं नाही असं विचारू नका, का ला ते उत्तर देत नाहीत. आणि अर्ज स्वतःच्या नावानं नको, ठेकेदाराचं पुढचं काम जाईल. संघटनेच्या लेटरहेडवर पण नको, माहिती नागरिकाला मिळते संस्थेला नाही असं म्हणून फेटाळतील. ज्याचं पालिकेशी काही देणंघेणं नाही असा एखादा माणूस बघा.

कापूसकोंड्या

मन्हं नाव टाका भो. माझा कापूस तसाही कोणी घेत नाही.